लिंगाधारित हिंसा रोखण्यासाठीचं सामुदायिक प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या प्रशिक्षणात नेमकं शिकवतात काय?

हिंसा ओळखायची कशी, ती घडताना मध्ये पडायचं कसं, आणि कुणी येऊन आपल्याला सांगितलं तर वागायचं कसं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, त्यामुळे अर्धाअधिक वेळ तिच्यावर जातो. व्याख्या, आकडे, कायद्याची कलमं एका पत्रकात मावतात. त्यासाठी वीस माणसांना एका खोलीत बसवायचं कारण नाही. खोली लागते ती सरावासाठी.

एक सराव सांगते. तिघांचा गट करायचा: एक बोलणारी, एक ऐकणारा, एक निरीक्षक. बोलणारीला चिठ्ठीवर एक काल्पनिक प्रसंग दिलेला असतो. निरीक्षकाने हातातलं घड्याळ पाहून एवढंच टिपायचं, की ऐकणाऱ्याने पहिला सल्ला कितव्या सेकंदाला दिला. बहुतेकांना मिनिटभरही धीर धरवत नाही. ‘तू असं कर ना’ हे वाक्य ओठांवर तयारच असतं. दुसऱ्या फेरीत सल्ल्याला बंदी. मग ऐकणाऱ्याची पंचाईत होते. हातांचं काय करावं कळत नाही, कुणी पेनाचं टोपण लावत-काढत बसतो. त्या अवघडलेल्या शांततेत, चार-पाच मिनिटांनी, बोलणारी चिठ्ठीत नसलेलं काहीतरी बोलायला लागते. काल्पनिक प्रसंग असूनसुद्धा. ऐकून घेण्याचं महत्त्व मी भाषणातून कधी पटवू शकले नाही, ते या फेरीने पटतं.

हिंसा म्हणजे मारहाणच ना?

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1993 च्या जाहीरनाम्यातच शारीरिक, लैंगिक आणि मानसिक अशा तिन्ही प्रकारच्या हिंसेचा उल्लेख आहे, आणि ती घरात, समाजात किंवा शासनाच्या हातून होऊ शकते हेही त्यात म्हटलंय. धमक्या, पाळत, पैशांची नाकाबंदी, लग्नाच्या नात्यातली लैंगिक सक्ती, फोटो पसरवण्याची भीती घालणं, हे सगळं हिंसेतच येतं.

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त माना डोलतात त्या ‘नियंत्रण’ या विषयावर. पगार तिच्या नावावर जमा होतो, पण कार्ड त्याच्या पाकिटात. बाहेर गेली की व्हिडिओ कॉल: ‘कॅमेरा फिरव, कोण आहे बघू.’ मैत्रिणी एकेक करून तुटतात. अंगावर ओरखडाही नसतो, त्यामुळे ‘पण तो हात तर उचलत नाही ना’ असं म्हणून आजूबाजूचे विषय मिटवतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 पासून नात्यातलं असं सततचं सक्तीचं नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पुरुषांवर हिंसा होत नाही का?

होते. मुलग्यांवर होते, पुरुषांवर होते, आणि ट्रान्स व्यक्तींवर तर फार होते. त्यांनी सांगितलं तरी याच पद्धतीने ऐकायचं. मात्र हा प्रश्न कधी माहिती हवी म्हणून येतो, तर कधी विषय बदलण्यासाठी. म्हणून आकडे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात जवळपास तीनपैकी एका स्त्रीने आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, किंवा इतर कुणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 2023 मध्ये सुमारे 51,100 स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा कुटुंबीयांच्या हातून मारल्या गेल्या. त्या वर्षी जाणूनबुजून मारल्या गेलेल्या स्त्रियांपैकी हे प्रमाण सुमारे 60 टक्के होतं. खून झालेल्या पुरुषांत हेच प्रमाण बाराएक टक्के. म्हणजे खून पुरुषांचे जास्त होतात, पण ते बहुतांशी घराबाहेर. स्त्रीला सगळ्यात मोठा धोका असतो तो तिच्याच घरात.

‘पीडिता’ म्हणायचं की ‘सर्व्हायव्हर’?

ती स्वतःला जे म्हणेल ते. कागदोपत्री ‘पीडित’ चालतं, चळवळीत ‘सर्व्हायव्हर’ (हिंसेतून तरून निघालेली) रुळलंय, आणि समोर बसलेल्या बाईला दोन्ही शब्द परके वाटू शकतात. तिच्याशी बोलताना तिचं नाव घ्या, प्रश्नच मिटतो.

त्याहून मला खटकतात ती आपली क्रियापदं. ‘तिने मार खाल्ला.’ या वाक्याची कर्ती ती आहे! मारणारा वाक्यातून अलगद निसटला. ‘तिची अब्रू गेली’ हेही तसंच: गुन्हा त्याचा आणि गेलं मात्र तिचं काहीतरी. आम्ही फळ्यावर अशी वाक्यं लिहितो आणि गटाला ती उलटी करायला लावतो: ‘त्याने तिला मारलं.’ पाच मिनिटांचा खेळ आहे, पण पुढचे दोन दिवस माणसं एकमेकांना बोलता बोलता दुरुस्त करतात.

आम्ही समुपदेशक नाही, पोलीस नाही. आम्ही कशाला शिकायचं?

कारण ती आधी तुमच्याकडे येणार आहे. ज्या देशांतली आकडेवारी उपलब्ध आहे, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी हिंसा सोसणाऱ्या चाळीस टक्क्यांहून कमी स्त्रिया कुणाचीतरी मदत मागतात. मागितली तर बहुतेकदा घरच्यांकडे किंवा मैत्रिणीकडे. पोलिसांपर्यंत जाणाऱ्या फारच थोड्या. त्या पहिल्या माणसाने ‘अगं, असं चालायचंच’ म्हटलं, की ती पुन्हा तोंड उघडायला कितीतरी वर्षं घेते. तुम्हाला समुपदेशक व्हायचं नाहीये. दार लावून घेणारा पहिला माणूस व्हायचं नाहीये, इतकंच.

कुणी सांगितलं तर पहिलं वाक्य काय बोलायचं?

‘सांगितलंस ते बरं केलंस.’ मग गप्प बसायचं.

जागतिक आरोग्य संघटनेची पहिल्या आधाराची पद्धत पाच पायऱ्यांची आहे: ऐकून घ्या, गरज विचारा, विश्वास दाखवा, सुरक्षिततेचं बघा, पुढच्या मदतीशी जोडून द्या. क्रम महत्त्वाचा. आपण उत्साहाच्या भरात थेट पाचव्या पायरीवर उडी मारतो आणि पहिली चिठ्ठी हातात ठेवतो ती वकिलाच्या नंबराची.

चालतील अशी वाक्यं: ‘यात तुझी चूक नाही.’ ‘आत्ता तुला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?’ ‘आज रात्री घरी सुरक्षित आहेस का?’ ‘मी काय केलेलं तुला चालेल?’

न चालणारी आपल्याला पाठच असतात. ‘टाळी एका हाताने वाजत नाही.’ ‘इतके दिवस गप्प का बसलीस?’ ‘तो तसा वाटत नाही गं.’ ‘मुलांकडे बघून सहन कर.’ ‘घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?’ आणि एक सुशिक्षित घरांतलं: ‘तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीने हे चालवून घेतलंच कसं?’ सहानुभूतीच्या सुरात म्हटलेलं असलं तरी हा ठपकाच आहे.

तपशील खोदायचे नाहीत. नेमकं काय झालं, कुठे, किती वेळा, हे तपास करणाऱ्याचं काम. तारखा चुकल्या, मागचंपुढचं झालं, सांगताना ती हसली, तरी खोटं बोलते आहे असं होत नाही. तीव्र भीतीत आठवणी तुकड्यातुकड्यांनी साठतात. ‘ओरडली का नाहीस?’ याचं उत्तरही शरीराकडेच आहे: लढणं आणि पळणं यांसारखंच जागच्या जागी थिजून जाणं ही धोक्यासमोरची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे.

ती त्याला सोडून का देत नाही?

प्रत्येक गटात पहिल्या तासाभरात हा प्रश्न येतोच. पैसा, मुलं, राहायला जागा नसणं, प्रेम, लाज ही कारणं लोक स्वतःच सांगतात. एक कारण मात्र सहसा कुणी सांगत नाही: सोडून जाणं धोक्याचं असतं. ती निघतेय हे कळल्यावर आणि ती निघून गेल्यानंतरच्या काळात जीव जाण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तेव्हा ‘उठ आणि चालती हो’ हा सल्ला, कितीही तळमळीने दिला तरी, तयारीशिवाय जीवघेणा ठरू शकतो.

धोक्याच्या काही खुणा प्रत्येकाला माहीत हव्यात. गळा आवळणं ही त्यातली सगळ्यात गंभीर. अमेरिकेतल्या 2008 च्या एका अभ्यासात, जोडीदाराने पूर्वी गळा आवळलेल्या स्त्रियांचा पुढे खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त आढळली. गळ्यावर वळ नसले तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, चक्कर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. हत्याराची धमकी, घरात बंदूक असणं, गरोदरपणात मारहाण, ‘तुला मारून मीही मरेन’ अशी भाषा, पाठलाग, मार वरचेवर वाढत जाणं, याही तशाच खुणा.

मग करायचं काय? तिच्यासोबत सुरक्षा आराखडा बनवायचा. भांडण पेटलं तर कुठल्या खोलीत जायचं (जिला बाहेरचं दार आहे अशा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळायचं), कुणाला कुठला सांकेतिक शब्द पाठवायचा, कागदपत्रांच्या प्रती आणि थोडे पैसे कुणाकडे ठेवायचे, औषधं कुठली लागतात. फोनमधला शोध-इतिहास आणि लोकेशनही तपासायचं. कागदावर आराखडा लिहून तो तिच्या पर्समध्ये ठेवायचा नाही. तो त्याच्या हाती लागतो.

डोळ्यांसमोर घडत असेल तर?

1968 मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवलं, की मदतीची गरज असल्याचं आणखी माणसांनाही कळलंय असं वाटलं, की प्रत्येकाची पुढे होण्याची शक्यता कमी होते. ‘दुसरं कुणीतरी बघेल.’ प्रशिक्षणाचा हेतू हाच, की ते दुसरं कुणीतरी तुम्ही आहात हे अंगवळणी पडावं.

हिरोगिरी करायची नाही. पाच मार्ग शिकवले जातात: लक्ष दुसरीकडे वळवणं, आणखी कुणाला मदतीला घेणं, नोंद ठेवणं, नंतर तिची विचारपूस करणं, आणि सुरक्षित असेल तरच थेट बोलणं. मला स्वतःला पहिला सगळ्यात उपयोगी वाटतो. भारतात 2008 मध्ये सुरू झालेली ‘बेल बजाओ’ मोहीम याच युक्तीवर उभी होती: शेजारून आवाज आले, की बेल वाजवायची आणि काहीतरी किरकोळ विचारायचं. दार उघडावं लागतं, हात थांबतो, आणि आत असलेल्या तिला कळतं की कुणीतरी ऐकलंय. व्हिडिओ काढलात तर तो तिचा. तिला विचारल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही.

दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवला तर?

नको. समेटाला दोन्ही बाजूंना सारखं बोलता यावं लागतं. जिला घरी जाऊन या बैठकीची किंमत मोजायची आहे, ती त्याच्यासमोर काय बोलणार? युरोपीय परिषदेच्या 2011 च्या इस्तंबूल कराराने अशा प्रकरणांत सक्तीची मध्यस्थी बंद करायला सांगितलंय ते याचसाठी. वडीलधाऱ्यांना हे पटवणं जड जातं, कारण त्यांची उभी हयात भांडणं मिटवण्यात गेलेली असते. त्यांना मी एवढंच विचारते, की तुमच्या बैठकीनंतर महिनाभराने तिला एकटीला गाठून कधी विचारलंत का?

नुकताच लैंगिक अत्याचार झाला असेल तर काय करायचं?

आधी सुरक्षित जागा, मग वैद्यकीय मदत. तक्रार करायची की नाही हे नंतर, आणि ते तिने ठरवायचं. वेळेचं गणित मात्र पाठ असायलाच हवं: एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. गर्भधारणा टाळण्याच्या तातडीच्या गोळ्या पाच दिवसांपर्यंत घेता येतात, पण दर दिवसागणिक त्यांचा परिणाम घटतो. पुरावा जपायचा असेल तर तपासणीआधी अंघोळ टाळावी, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल धरून ते खराब होतात. तिने आधीच अंघोळ केली असेल तर ‘अरेरे’ म्हणू नका. तरीही तपासणी होते, उपचार तर होतातच.

गोपनीयता म्हणजे कुणालाच सांगायचं नाही?

तिच्या संमतीशिवाय नाही. नाव गाळून गोष्ट सांगितली तरी छोट्या वस्तीत माणसं ओळखतात. अपवाद दोन: कुणाच्या जिवाला तात्काळ धोका, किंवा विषय लहान मुलाचा. अनेक देशांत मुलांवरच्या अत्याचाराची माहिती यंत्रणेला देणं कायद्याने बंधनकारक आहे. हे अपवाद तिने सांगायला सुरुवात करण्याआधीच तिच्या कानावर घाला. सगळं ऐकून झाल्यावर ‘हे मला कळवावं लागेल’ म्हणणं हा विश्वासघात वाटतो.

माझी एक चूक इथे सांगते. सुरुवातीच्या काळात, सत्रानंतर थांबून माझ्याशी बोललेल्या एका बाईंची ख्यालीखुशाली विचारायला मी दोन दिवसांनी फोन केला. फोन नवऱ्याने उचलला. मी गडबडून ‘कार्यशाळेतून बोलतेय’ म्हणाले. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. तेव्हापासून मी निघताना दोन गोष्टी विचारून घेते: फोन केला तर चालेल का, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून बोलू?

पुरुषांना घ्यावं का?

घ्यावंच, पण एकदम सगळ्यांना एका खोलीत कोंबू नये. 1995 पासून आफ्रिकेत आणि इतरत्र वापरल्या जाणाऱ्या ‘स्टेपिंग स्टोन्स’ या कार्यक्रमात वय आणि लिंगानुसार वेगळे गट असतात, आणि ठरावीक टप्प्यांवर ते एकत्र येतात. आपापल्यात बोलायची सवय झाली, की समोरासमोरचं बोलणं जमतं. पुरुषांच्या गटात ‘तुम्ही सगळे गुन्हेगार’ असा सूर लागला की हाताच्या घड्या पडतात. आणि सगळ्यांना खूश ठेवायला गेलं की विषयच हातातून जातो. मधली वाट मला प्रत्येक वेळी नव्याने शोधावी लागते.

याचा खरंच उपयोग होतो का? एक दिवस पुरेल?

पहिल्याचं उत्तर: नीट केलं तर होतो. दुसऱ्याचं: नाही.

युगांडात कंपालामध्ये ‘सासा!’ नावाचा कार्यक्रम आठ वस्त्यांत अभ्यासला गेला. चार वस्त्यांत स्थानिक रहिवाशांनीच शेजाऱ्यापाजाऱ्यांशी जवळपास तीन वर्षं गप्पा, चित्रं, छोटी नाटकं यांतून सत्ता या विषयावर बोलणं चालू ठेवलं. 2014 मध्ये निष्कर्ष आले: तिथल्या स्त्रियांवरची जोडीदाराची शारीरिक हिंसा इतर वस्त्यांच्या मानाने 52 टक्के कमी दिसली. वस्त्या आठच असल्याने या आकड्यात अनिश्चितता बरीच आहे, हे सांगायला हवं. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो भागात सूक्ष्म कर्जांच्या जोडीने प्रशिक्षण दिलं, तिथे 2006 च्या निष्कर्षात घट 55 टक्के होती. रवांडातला अनुभव मला जास्त बोलका वाटतो: जोडप्यांच्या 21 साप्ताहिक सत्रांनी हिंसा स्पष्टपणे घटली, पण त्याच कार्यक्रमातल्या वस्तीपातळीवरच्या प्रचाराचा वस्तीभर परिणाम दिसला नाही. कार्यकर्त्यांना प्रशिक्षण आणि साहित्य मिळून प्रत्यक्ष काम सुरू व्हायलाच उशीर झाला होता.

एका दिवसात माहिती मिळते. सवय बदलायला महिने लागतात. निधी देणाऱ्यांना एक दिवस आणि समूहछायाचित्र पुरतं, ही आमची जुनी रडकथा.

आणखी एक: प्रशिक्षणानंतर तक्रारी वाढल्या तर घाबरू नका. बहुतेकदा हिंसा वाढलेली नसते, बोलणं वाढलेलं असतं.

सत्र चालू असताना कुणाला रडू कोसळलं तर?

कोसळणार, हे धरूनच चाला. वीस जणांच्या गटात अनुभव असलेले लोक असतातच, आणि हिंसा करणारेही. म्हणून कुणालाही स्वतःची गोष्ट सांगायला लावायची नाही, सगळे प्रसंग चिठ्ठीवरचे. सुरुवातीलाच सांगायचं, की मध्येच उठून जायला परवानगी लागत नाही. दोन प्रशिक्षक हवेत: एक सत्र चालू ठेवेल, दुसरी बाहेर जाऊन सोबत बसेल. शेजारची रिकामी खोली आधीच मागून ठेवा. प्रशिक्षकांनीही सत्रानंतर एकमेकींशी बोलून मोकळं व्हावं. ऐकलेलं अंगावर साचतं.

आम्हाला आमच्या भागात सुरू करायचंय. पहिली पायरी कोणती?

यादी. दवाखाना, समुपदेशन, निवारा, कायदेशीर मदत, पोलीस, बालसंरक्षण: कोण काय देतं, कधी उघडं असतं, किती पैसे घेतं. ही यादी नसताना लोकांना बोलतं करणं म्हणजे जखम उघडून पट्टी आणायला जाणं.

यादीतला प्रत्येक क्रमांक स्वतः लावून बघा. एकदा दिवसा, एकदा रात्री नऊनंतर. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा अकरा क्रमांकांपैकी चार बंद होते, एकावर फॅक्सची शिट्टी वाजली, आणि एकीने उचलून विचारलं, ‘सोमवारी करता का?’ त्या दिवशी शुक्रवार होता. उरलेले पाच क्रमांक आम्ही पत्रकावर छापले, आणि दर तीन महिन्यांनी ते पुन्हा लावून बघायचं काम एकीच्या नावावर लावून दिलं.